म्हाळसाची राख आणि अंबूचं मडकं

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही ज्यांची नावं सांगता येणार नाहीत अशा लोकांच्या काळात, डोंगराच्या कुशीत एक छोटंसं राज्य होतं. इतकं छोटं, की राजाला शिंक आली तर सीमेवरचा पहारेकरी तिथूनच 'शतायुषी व्हा' म्हणे. राज्यात दोनच वाड्या होत्या. वर काळ्या खडकावर वरवाडी, आणि खाली नदीकाठच्या ओलसर मातीत तळवाडी. दोन्हीकडची माणसं जोंधळा पिकवत, जोंधळा खात आणि जोंधळ्याचीच काळजी करत.

या राज्यात एक रीत होती. तशी रीत मी तरी दुसरीकडे कुठे ऐकली नाही.

कुणालाही काही नवं उमगलं, की त्याने चावडीपुढच्या पारावर उभं राहून ते सगळ्यांसमोर सांगायचं. याला 'मांडणं' म्हणत. पण मांडल्याबरोबर ते कुणी खरं धरत नसे. मांडणाऱ्याने आपल्याच तोंडाने एक माणूस निवडायचा, आणि त्या माणसाने एक पावसाळाभर ते मांडणं मोडून दाखवायची खटपट करायची. या माणसाला लोक खोटकाढ्या म्हणत, बाई असली तर खोटकाढी. मांडणं टिकलं तर राजा दवंडी पिटवी आणि मग सगळं राज्य तसं वागे. मोडलं तर मांडणाऱ्याने पुन्हा पारावर चढून 'माझं मांडणं मोडलं' असं मोठ्याने सांगायचं, गावाने गूळ वाटायचा आणि आपापल्या कामाला लागायचं.

मोडल्यावर गूळ कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, घरात साप निघाला आणि चावायच्या आधी दिसला, तर माणूस देवापुढे नारळ फोडतोच ना? चुकीचंही तसंच. ती वेळेवर दिसली याचा तो गूळ.

आणि खोटकाढ्या कोण असावा? वैरी नको, त्याला तुम्ही पडायलाच हवे असता. खुशमस्कऱ्या नको, त्याला तुमच्या घरचं जेवण हवं असतं. खोटकाढ्या जिवलगच असावा, असं जुनी माणसं सांगून गेली होती. जिवलगाला तुमचं खरं व्हावं असं वाटतं, म्हणून तो नीट बघतो. जुन्या माणसांचं हे म्हणणं मला आवडतं. पण त्यात एक भोक होतं, आणि ते बुजवायला एका वाडीला उपाशी मरायची पाळी यावी लागली. तीच ही गोष्ट.

वरवाडीत म्हाळसा नावाची बाई राहत होती. उंच, हडकुळी, आणि डोळे असे की जणू काही सांडलंय आणि ती शोधतेय. तिच्या शेजारी अंबू. बुटकी, गोल, आणि तोंडाने फटकळ. अंबूचं माहेर खाली तळवाडीत. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वरवाडीत आल्या, एकाच विहिरीवर पाणी भरलं, एकमेकींची बाळंतपणं काढली. आता दोघींचे केस पांढरे झाले होते, पण भांडणं मात्र अजून सासरी आलेल्या पहिल्या वर्षाची असावीत तशी ताजी होती.

म्हाळसाला नवं काही शोधल्याशिवाय चैन पडत नसे. तिने पूर्वी दोनदा मांडलं होतं, दोन्ही वेळा अंबूला खोटकाढी निवडलं होतं, आणि दोन्ही वेळा अंबूने मोडलं होतं.

पहिल्यांदा म्हाळसा म्हणाली होती, "कारल्याच्या वेलाला गूळपाणी घातलं की कारली कडू लागत नाहीत." अंबूने दोन वेलांच्या दोन भाज्या केल्या, कुठली कुठल्या वेलाची ते न सांगता अर्ध्या वाडीला वाढल्या. सगळ्यांची तोंडं दोन्ही घासांना सारखीच वाकडी झाली. राजाचं जरा जास्तच झालं, पण राजांची तोंडं तशीही नाजूक असतात.

दुसऱ्यांदा म्हाळसा म्हणाली होती, "ज्या आंब्यावर घुबड राहतं त्याला फळ कमी धरतं." हे मात्र खरं निघालं! घुबडाच्या प्रत्येक झाडाला फळ कमीच होतं. लोक घुबडांवर दगड घेऊन धावणार, तोच अंबू आडवी आली. "थांबा," ती म्हणाली, "घुबड राहतं ढोलीत. ढोली असते म्हाताऱ्या झाडाला. आणि म्हाताऱ्या झाडाला फळ कमीच येणार. घुबडाने काही केलेलं नाही, ते बिचारं नुसतं बिऱ्हाडाला आलंय." घुबडं वाचली, गूळ वाटला गेला, आणि म्हाळसाने चार दिवस अंबूशी अबोला धरला. पाचव्या दिवशी तिला मीठ उसनं हवं होतं, तेव्हा तो सुटला.

मग म्हाळसाने राखेची गोष्ट मांडली.

तुम्ही शहरातले असाल तर सांगतो. साठवलेल्या जोंधळ्यात सोंडे पडतात. सोंडा म्हणजे बारीक काळा किडा. तो दाणा आतून खातो आणि वरचं टरफल तसंच ठेवतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. खायच्या धान्यात तो पडला तर माणूस शिव्या देतो, पण बियाण्यात पडला तर रडतो. म्हणून दोन्ही वाड्यांतले लोक बियाणं दोन जागी ठेवत. बरंचसं कणगीत, आणि थोडी कणसं चुलीच्या वर, धुरात टांगून. कणगीतलं किडलं तरी धुरातलं उरे, आणि त्या मूठभरावर पुढचं साल कसंबसं निघे.

म्हाळसाच्या परसात निरगुडी माजली होती. तिची वाळकी काटकं ती चुलीत घाली. एकदा तिने ती राख सहज बियाण्यात मिसळली, आणि पावसाळा सरला तरी दाण्याला भोक नाही. पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. तेव्हा ती पारावर चढली आणि म्हणाली, "निरगुडीची राख मिसळली की बियाण्याला सोंडा लागत नाही. आणि माझी खोटकाढी अंबू."

लोक हसले. आता हेपण मोडणार, असं ते हसणं होतं.

घरी जाताना म्हाळसा अंबूला म्हणाली, "अंबे, ही पण मोडलीस ना, तर मी पुन्हा पारावर चढायची नाही. गुडघे गेले माझे. आणि काय गं, आयुष्यभर धडपडून एकसुद्धा गोष्ट खरी निघू नये?" ती हे हसत हसत म्हणाली. पण अंबू तिला तरुणपणापासून ओळखत होती, आणि त्या हसण्याखाली काय आहे ते तिला दिसलं.

अंबूने नेहमीप्रमाणे काम सुरू केलं. दोन मडकी घेतली. एकात म्हाळसाच्या घरचा जोंधळा भरला. दुसऱ्यात आपल्या माहेरचा, तळवाडीहून भावाने खळ्यावरून परस्पर पाठवलेला. दोन्हींत एकाच ढिगातली निरगुडीची राख मिसळली, तोंडं बांधली आणि पावसाळाभर शेजारी शेजारी ठेवली.

पावसाळा संपला. अंबूने पहिलं मडकं सोडलं. दाणे मोत्यासारखे. तिने दुसरं सोडलं, आणि आतली राख हलत होती.

ती तिथेच मटकन बसली.

आता तुम्ही म्हणाल, उठावं, पारावर जावं आणि दुसरं मडकं सगळ्यांना दाखवावं. मीही तेच म्हणतो. लांबून बघणाऱ्याला असं म्हणायला काही जात नाही. पण अंबूच्या डोळ्यांपुढे म्हाळसाचे गुडघे होते, आणि ते हसणं होतं. मग मन करतं ते तिच्या मनाने केलं. ते पळवाटा शोधू लागलं. माझंच मडकं फुटकं असेल. माझ्याच ओल्या हाताने राख कालवली गेली असेल. एका मडक्याने काय होतंय? एक तर चांगलं निघालंच की!

तिने दुसरं मडकं परसात उपडं केलं. कोंबड्यांनी तो सगळा पुरावा मिटक्या मारत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अंबू पारावर उभी राहिली आणि म्हणाली, "खोट सापडली नाही."

म्हाळसा सगळ्यांदेखत रडली. तिने अंबूला मिठी मारली. राजाने दवंडी पिटवली. दोन्ही वाड्यांतल्या निरगुड्यांवर कोयते चालले. पुढच्या सुगीला लोकांनी सगळीच्या सगळी कणसं मळून टाकली आणि दाणे राखेत घालून कणगीत भरले. चुलीवर कणसं टांगायची कटकट गेली, घरात धूळ पडायची गेली. जो तो म्हाळसाचं नाव घेई, आणि म्हाळसा रस्त्याने जाताना उगाचच पदर सावरी.

पाऊस पडून गेला. पेरणीचे दिवस तोंडावर आले. वरवाडीच्या कणग्या उघडल्या, दाणे टणटणीत निघाले. राजा खूश होऊन चावडीवर बसला होता. तेवढ्यात तळवाडीहून ठकू आली. ठकू म्हणजे अंबूच्या भावाची सून. तिच्या मागे तळवाडीची बरीच माणसं होती आणि तिच्या हातात सूप होतं. ते तिने राजापुढे ठेवलं.

सुपात जोंधळा होता. वरून चांगला दिसत होता. ठकूने त्यावर हात फिरवला आणि त्याचं पीठ झालं.

"सगळ्या तळवाडीचं असंच आहे महाराज," ठकू म्हणाली. "एक कणगी वाचली नाही. धुरातली कणसं असती तर मूठभर पेरलं असतं. पण यंदा आम्ही टांगलीच नव्हती. दवंडी ऐकली ना! आता आठ दिवसांत पेरलं नाही, तर पोराबाळांना घेऊन गाव सोडावं लागेल."

चावडीवर कुजबुज सुरू झाली, आणि बघा हं, माणसाची बुद्धी अशा वेळी किती पटपट चालते.

एकजण म्हणाला, "तळवाडीच्यांनी निरगुडी सोडून भलतंच काहीतरी जाळलं असेल." दुसरा म्हणाला, "नाहीतर अमावस्येला राख केली असेल. अमावस्येची राख निकामी असते." तिसऱ्याने तर कमाल केली. तो म्हणाला, "मनात शंका ठेवून राख घातली, की ती काम करत नाही."

राजाने मान डोलावली. त्याला हे सगळंच पटत होतं.

असं बोलणं फार सोयीचं असतं. या वाटेने गेलेला माणूस कधी चुकत नाही, आणि मरेपर्यंत त्याला नवं काही कळतही नाही.

म्हाळसालाही ती अमावस्येची गोष्ट गोड वाटली, हे मी लपवणार नाही. तिने तोंड उघडलंही होतं. पण ठकू तिच्याकडेच बघत होती. "मावशी," ती म्हणाली, "राख मी केली. निरगुडीचीच होती. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी केली. आणि शंका कशाला धरू? तुम्ही सांगितलं होतं, आणि अंबूआत्याबाईंनी पारखलं होतं."

आत्याबाईंचं नाव निघालं तशी अंबू उठली.

"खोट होती," ती म्हणाली. "गेल्याच वर्षी सापडली होती. तळवाडीच्या जोंधळ्याचं मडकं किडलं होतं, त्यात हीच राख होती. मी ते कोंबड्यांना घातलं आणि इथे उभं राहून खोटं बोलले."

कुणीतरी ओरडलं, "हिला वाळीत टाका!" अंबूने मान खाली घातली. तिच्या माहेरच्या माणसांनी तोंडं फिरवली, आणि ते तिला वाळीत टाकण्याहून जास्त लागलं.

म्हाळसा मात्र ओरडली नाही. तिने हळूच विचारलं, "का गं?"

"तू म्हणाली होतीस ना, पुन्हा चढणार नाही म्हणून. मला तुझी दया आली."

म्हाळसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज करडा झाला. "दया? अंबे, माझी पाठ मला दिसत नाही, म्हणून मी तुला मागे उभी केली होती. पाठीवर विंचू चढला आणि तू म्हणालीस, म्हातारीला कशाला घाबरवा! कारली मोडलीस, घुबड मोडलंस, तेव्हा मला राग आला. पण तेव्हा तू माझी मैत्रीण होतीस. गेल्या वर्षी तू माझी कोण होतीस?"



म्हाळसा पाराकडे निघाली. वरवाडीतला एक म्हातारा तिला अडवून म्हणाला, "म्हाळसाबाई, विचार करा. सगळ्यांसमोर चुकले म्हणालात, तर उद्या तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?"

"आज ठेवला म्हणूनच हे झालं ना, दादा?" म्हाळसा म्हणाली. गुडघे दाबत ती पारावर चढली आणि मोठ्याने म्हणाली, "माझं मांडणं मोडलं. निरगुडीच्या राखेवर विसंबू नका. कणसं पुन्हा धुरात टांगा. कुठे चुकलं ते मला अजून ठाऊक नाही, पण चुकलंय हे नक्की. आणि माझी अर्धी कणगी तळवाडीची."

त्या दिवशी गूळ वाटायचं कुणालाच सुचलं नाही.

वरवाडीच्या लोकांनी आधी कुरकुर केली. आपलं बियाणं आपल्यालाच पुरतं, वगैरे. पण म्हाळसाला अंगणात पोती भरताना बघून एकेक जण आपापल्या घरून टोपली घेऊन येऊ लागला. राजाही आला. त्याने स्वतः डोक्यावरून टोपली आणली आणि ती वाटेत दोनदा सांडली. तळवाडीचं सगळं रान पेरण्याइतकं बियाणं काही जमेना, पण गाव सोडावं लागणार नाही एवढं जमलं.

वाळीत टाकायचं राहून गेलं. अंबू रोज सकाळी म्हाळसाच्या अंगणात येऊन मुकाट्याने जोंधळा पाखडू लागली. म्हाळसा तिच्याशी बोलत नव्हती. काही सांगायचं झालं तर ती मांजराला सांगे.

"मने, त्या बाईला सांग, त्या कोपऱ्यातलं पोतं राहिलंय."

"मने," अंबू म्हणे, "तुझ्या धनिणीला सांग, मला दिसतंय."

मांजर बिचारं दोघींकडे बघून मिशा पुसत बसे. ठकू पोती न्यायला आली होती. तिला हसू आवरेना, पण तिने ते पदरात दडवलं.

असंच एकदा काम चाललं असताना म्हाळसाने पोत्यात ओतण्याआधी ढिगातला एक दाणा उचलला, दाताखाली धरला आणि कट्‌कन फोडला. मग पोतं भरलं. दुसऱ्या ढिगाशी पुन्हा तेच.

अंबूच्या हातातलं सूप थांबलं. मांजराला ती विसरली.

"हे काय करतेस?"

म्हाळसाही विसरली. "काय म्हणजे? वाळलाय का बघते. कट् वाजला म्हणजे वाळला. नरम लागला तर पुन्हा खडकावर घालायचा, भर उन्हात. माझी आई असंच करायची."

"राखेत घालायच्या आधी दर वर्षी तू असंच करतेस?"

"दर वर्षी."

"मग पारावर का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं?" म्हाळसा चिडून म्हणाली. "मी श्वास घेते तेही सांगू का?"

आणि बोलता बोलता ती थांबली. अंबूही तिच्याकडे बघत राहिली. दोघींनी एकदमच ठकूकडे मान वळवली.

"आम्ही नाही वाळवत," ठकू म्हणाली. "तुमच्या वरवाडीत सगळ्यांचाच दाणा तापल्या खडकावर पडतो. आमच्याकडे खडक कुठाय? खळ्यावरून मळून थेट कणगीत."

म्हाळसा उंबऱ्यावर बसली. "अगं बाई," ती पुटपुटली, "म्हणजे सगळं श्रेय मी राखेला दिलं, आणि राबत होतं ते ऊन!"

"थांब," अंबू म्हणाली. तिचा जुना फटकळ आवाज परत आला होता. "लगेच उन्हाच्या गळ्यात हार घालू नकोस. राखेनेही काही केलं असेल, नसेल. घुबडाचं काय झालं होतं आठवतंय ना? एकेक वेगळं करून बघू या."

पुढच्या सुगीला, लोक कणसं धुरात टांगत होते तेव्हा, या दोघींनी चावडीतच मडकी मांडली. काहींत खडकावर वाळवलेला जोंधळा, काहींत खळ्यावरचा तसाच. वाळवलेल्यांपैकी काहींत राख होती, काहींत नव्हती, आणि ओल्यांचंही तसंच. प्रत्येक मडक्यात अंबूने आपल्या हाताने जिवंत सोंडे सोडले. ते बघून राजाने नाकाला उपरणं लावलं. मग अंबू म्हणाली, "आणि निरगुडीच कशाला? दोन मडक्यांत गोवरीची राख घाला."

"निरगुडीने तुझं काय बिघडवलंय?" म्हाळसा म्हणाली.

"काही नाही. म्हणूनच बघायचं."

पावसाळ्यानंतर दोन्ही वाड्या जमल्या आणि मडकी सगळ्यांदेखत उघडली. ओला जोंधळा राख असो वा नसो, किडला होता. वाळवलेला बिनराखेचा जोंधळा बराच वाचला होता, पण पुरता नाही. वाळवलेला आणि राखेत घातलेला मात्र स्वच्छ होता. आणि गोवरीची राख निरगुडीइतकीच चांगली निघाली.

"म्हणजे निरगुडी पण गेली?" म्हाळसाने विचारलं. इतकी वर्षं तिने त्या झुडपावर जीव लावला होता.

"गेली," अंबू म्हणाली. या वेळी तिने मान खाली घातली नाही, नुसता म्हाळसाचा हात धरला. म्हाळसाने तो सोडवून घेतला नाही.

ती पारावर चढली. "आधी दाणा उन्हात वाळवा, दाताखाली कट् वाजेपर्यंत," ती म्हणाली. "खडक नसेल तर सारवलेल्या अंगणात, जास्त दिवस. मग राख घाला, कुठलीही, पण कोरडी. हे माझं नवं मांडणं."

"या वेळी तरी खात्री आहे ना?" राजाने विचारलं. पुन्हा टोपली वाहायची त्याची इच्छा नव्हती.

"नाही महाराज," म्हाळसा म्हणाली. "अजून मोडलेलं नाही, एवढंच सांगू शकते. खात्री हवी असेल तर ती कुणा खुशमस्कऱ्याकडे मिळेल."

लोक हसले. मग खोटकाढी निवडायची वेळ आली. म्हाळसाने ठकूला बोलावलं. "तळवाडीचं नुकसान झालं, तर तळवाडीचा एक डोळा माझ्यावर हवाच," ती म्हणाली. ठकूने मान डोलावली. मग म्हाळसा गर्दीच्या मागे बघत राहिली. तिथे अंबू उभी होती.

"आणि अंबू," ती म्हणाली.

"मला लाज वाटते," अंबू तिथूनच म्हणाली. "माझ्यावर कसा विश्वास ठेवशील?"

"ठेवणारच नाही. मडकी इथेच राहतील आणि सगळ्यांसमोर उघडतील. मी काय काय करते तेही तू पहिल्यापासून शेजारी बसून बघायचं, मी नुसतं सांगितलेलं धरायचं नाही. पण खोट काढायला मला तूच हवीस. आणि अंबे, पुन्हा माझी दया आली, तर माझ्या तोंडाकडे बघू नकोस. ठकूच्या लेकरांच्या तोंडाकडे बघ."

अंबू तिथेच रडली. मग डोळे पुसून पुढे आली आणि पाराखालच्या मडक्यांशी मांडी घालून बसली.

तेव्हापासून त्या राज्याची रीत बदलली. मांडणाऱ्याने नुसतं बोलायचं नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायचं. खोटकाढ्या एक नाही, दोन, आणि त्यातला एक दुसऱ्या वाडीचा. मडकं घरात उघडायचं नाही, चारचौघांत उघडायचं. जुन्या माणसांच्या रीतीतलं भोक असं बुजलं. नव्या रीतीत भोकं नसतील असं कुणी म्हणालं नाही, ती शोधायचं काम पुढच्यांवर सोडलं.

तळवाडीला पुन्हा कधी बियाण्यासाठी पदर पसरावा लागला नाही. आणि दोन वर्षांनी एका दुपारी अंबू धापा टाकत म्हाळसाच्या दारात आली. तिच्या मुठीत एक दाणा होता, कट् वाजणारा आणि तरीही किडलेला, आणि तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "म्हाळसे, ऊठ!" ती ओरडली. "थोडंसं मोडलंय!" म्हाळसा जेवत होती. ताट तसंच टाकून ती उठली, आणि गुडघ्यांची आठवणही न काढता मैत्रिणीच्या मागे धावली.

तात्पर्य: चूक कुणालाच टाळता येत नाही, पण ती झाकणारी माया घात करते आणि दाखवणारी माया शहाणपण वाढवते.